काडी लावायची तर चारचौघांत



आधी आमची चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही धुरा पेटवला आणि जेवायला घरी आलो. परत गेलो तेव्हा शेजारच्या धुरेकऱ्याची कुटाराची गंजी पेटली होती. तो आमच्याशी भांडला नाही. पण नवे गवत येईपर्यंत त्याची ढोरे अर्धपोटी राहिली. पैसे देऊन कुटार परत आले नाही.

तेल्हारा-अकोटच्या पट्ट्यात पऱ्हाटी उपटली, हरभरा निघाला, की हेच घडते. कोणी धुरा पेटवतो, कोणी पऱ्हाटीचा ढीग, कोणी गव्हाची धसकटे. एका काडीत शेजाऱ्याच्या ठिबकच्या नळ्या जातात, धुऱ्यावरचा कडुनिंब करपतो. गोठ्यात बांधलेल्या जनावराला तर पळताही येत नाही.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेली माणसे वर्षानुवर्षे सांगत आलो की जाळू नका. नत्र आणि गंधक धुराबरोबर उडून जाते. हे खरेच आहे. पण २०१७ साली गुलाबी बोंडअळीने विदर्भाचा कापूस पोखरला, तेव्हा पऱ्हाटी वावरात ठेवू नका, धुऱ्यावर रचू नका, हेही आम्हीच सांगितले. ढिगातल्या वाळक्या बोंडांत अळी दडून राहते. मग शेतकऱ्याने पऱ्हाटी न्यायची कुठे? कुट्टी करून मातीत मिसळणे उत्तम, पण कापसाच्या भावात यंत्राचे भाडे निघत नाही. काडीपेटी स्वस्त पडते.

यावर सरकारी उत्तर एकच, बंदी. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ साली पंजाब, हरियाणासह उत्तरेतल्या राज्यांत धसकटे जाळण्यावर बंदी आणि दंड बसवला. त्यानंतरही वर्षानुवर्षे दिल्लीवर धूर येतच राहिला. दंडाच्या भीतीने आग विझत नाही, लपते. भ्यालेला माणूस रात्री काडी लावतो आणि तिथून निघून जातो. सगळ्यांत घातकी आग तीच, कारण तिच्याजवळ कोणी उभे नसते.

वनखाते काय करते ते पाहा. त्यांचा आगीचा मोसम १५ फेब्रुवारी ते १५ जून. त्याआधी मेळघाटात जाळरेषा काढतात. माणसे उभी करून ठरलेला पट्टा साफ करतात, गवत मुद्दाम जाळतात. पुढे वणवा आला तरी त्या पट्ट्यात त्याला खायला काही उरत नाही. जंगल राखायला जे चालते, ते आपले गोठे राखायला का चालू नये?

सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. आग चढावर वेगाने धावते. १९२७ च्या वन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे राखीव जंगलात कोणी मुद्दाम किंवा घोर निष्काळजीपणाने आग लावली, तर सरकार त्या जंगलातले चराईचे हक्कही काही काळ बंद करू शकते. काडी एकाची, उपाशी ढोरे साऱ्या गावाची.

म्हणून आमचे म्हणणे असे:

१. जाळण्याचे दिवस गावाने बसून ठरवावेत. धुरेकऱ्याला आदल्या दिवशी सांगावे.
२. ढीग वावराच्या मधोमध करावा, झाडे आणि विजेच्या तारांपासून दूर. भोवती आधी वखर फिरवून काळी माती उघडी करावी.
३. वारा पडलेला असताना सकाळीच पेटवावे, भर दुपारी नाही.
४. धसकटांना पेट वाऱ्याच्या खालच्या बाजूने द्यावा, म्हणजे आग वाऱ्याविरुद्ध हळू सरकते.
५. फवारणीचे पंप पाण्याने भरलेले, ओली पोती, फावडी आणि निदान चार माणसे हजर असावीत. राख गार झाल्याशिवाय कोणी हलू नये.
६. डोंगराला लागून असलेल्या वावरात १५ फेब्रुवारीनंतर काडी नाहीच.

ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात खेड्यापाड्यांची अग्निशमन दले गावकरी स्वयंसेवकच चालवतात. आपल्यालाही तालुक्याच्या बंबाची वाट पाहत बसून भागणार नाही. तो येईतो गंजीची राख झालेली असते.

सरकारकडे आमची मागणी दंडाची नाही, यंत्राची आहे. दर ग्रामपंचायतीत परवडणाऱ्या भाड्याने कुट्टीयंत्र द्या, कापसाला खर्च भरून निघेल असा भाव मिळू द्या. काडीपेटी आपोआप खिशात राहील. तोवर जाळणे चालणारच. ते उघड चालावे, चारचौघांत चालावे. या बैठकीतून उठण्याआधी प्रत्येक गावाने आपली तारीख आणि आपली चार माणसे ठरवावीत.