दिवा घरीच बसवा, पण झोत भिंतीवर मोजून

मैसूरहून मडिकेरीकडे निघालेला राष्ट्रीय महामार्ग 275 हुणसूर मागे टाकून पिरियापट्टण तालुक्यात शिरतो. दोन्ही अंगांना तंबाखूची शेते आणि भट्ट्या, दक्षिणेला नागरहोळेच्या जंगलाची कड, पुढे बैलकुप्प्याची तिबेटी वसाहत आणि मग कुशालनगर. निपाणीकडच्या माणसाला ही शेते ओळखीची वाटतात. आमची तंबाखू बिडीची, इथली व्हर्जिनिया सिगारेटची, एवढाच फरक. हंगामात भट्टीसाठी लाकूड आणि लिलावासाठी तंबाखूचे गठ्ठे वाहणारे ट्रॅक्टर अंधार पडल्यावरही रस्त्यावर असतात, आणि अनेकांच्या ट्रॉलीला मागे ना दिवा असतो ना रिफ्लेक्टर. अशा रस्त्यावर रात्री मोटारसायकल चालवणाऱ्याने गाडीला जास्तीचे दोन दिवे लावावेत आणि ते स्वतःच्या घरी, स्वतःच्या हाताने लावावेत, असे माझे ठाम मत आहे. याला विरोध करणारे पुष्कळ आहेत. आणि या मताचे म्हणवणाऱ्या काही मंडळींशीही माझे भांडण आहे.

पहिला आक्षेप कायद्याचा. जास्तीचे दिवे म्हणजे बेकायदा बदल, असे सरसकट सांगितले जाते. त्यासाठी तीन आधार पुढे येतात: मोटार वाहन कायद्याचे कलम 52, जानेवारी 2019 मधला के. जया प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम 182अ, ज्यात मालकाने नियमबाह्य बदल केल्यास प्रत्येक बदलामागे 5000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही सांगितले आहे. हे आधार खरे आहेत, वजनदार आहेत. पण कलम 52 च्या स्पष्टीकरणात बदलाची व्याख्याही दिली आहे: वाहनाच्या रचनेतला असा बदल, ज्याने त्याचे मूलभूत वैशिष्ट्यच पालटते. लेगगार्डवर क्लॅम्पने बसवलेला आणि पान्याने पाच मिनिटांत उतरवता येणारा दिवा या व्याख्येत बसतो असे मला वाटत नाही. रॉयल एनफील्डसारखी कंपनी आपल्या अधिकृत ॲक्सेसरींमध्ये एलईडी फॉग लॅम्प विकते, हेही विसरून चालणार नाही.

दिव्यांविषयी कायदा जे नेमके बोलतो ते केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 मध्ये आहे आणि आक्षेप घेणारे तिथवर क्वचितच जातात. नियम 111 वाहनाच्या पुढे स्पॉटलाइट किंवा सर्चलाइट लावायला मनाई करतो. अपवादात्मक परिस्थितीत, नोंदणी अधिकाऱ्याची आधी संमती घेऊनच तो लावता येतो. म्हणजे दूरवर सुईसारखा झोत फेकणारा दिवा बाद. तो बाद झालाच पाहिजे. नियम 106 त्याहून महत्त्वाचा. पुढे उजेड टाकणारा कोणताही दिवा असा बसवलेला आणि राखलेला हवा की त्याचा झोत कायम खाली झुकलेला असेल आणि दिव्यापासून 8 मीटर पुढे, अर्धा मीटर उजवीकडे, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसाचे डोळे दिपणार नाहीत. दिवे किती, यापेक्षा झोत कुठे जातो हे या नियमाने पाहिले आहे. मला तो नियम अतिशय शहाणा वाटतो, आणि माझे सगळे म्हणणे त्याच्याच आधाराने उभे आहे.

आता माझ्याच बाजूच्या लोकांविषयी. ‘जितका उजेड जास्त तितकी सुरक्षा जास्त’ असे मानणारे हे लोक. दिव्याच्या खोक्यावरचा लुमेनचा आकडा पाहून ते खरेदी करतात, दिवा लेगगार्डवर आडवातिडवा आवळतात आणि समोरच्याच्या डोळ्यांत भाला खुपसत निघतात. कुणी हटकले की उत्तर तयार असते: समोरचाही अप्पर मारतो, मग मी का सोसू? अशाच दिव्यांमुळे कर्नाटक पोलिसांना जुलै 2024 पासून डोळे दिपवणाऱ्या एलईडी दिव्यांविरुद्ध राज्यभर मोहीम उघडावी लागली. ती मोहीम योग्यच होती. दुभाजक नसलेल्या रस्त्यावर तुम्ही ज्याला आंधळे करता तो तुमच्याच दिशेने येत असतो. दिपलेले डोळे सावरायला काही क्षण लागतात, वयस्क माणसाला त्याहून जास्त. ताशी 60 च्या वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते. तेवढा वेळ समोरचा स्वार अंदाजाने गाडी हाकत तुमच्या अंगावर येत असतो. यात कुणाची सुरक्षा झाली?

या मंडळींची दुसरी समजूत अधिक घातक आहे. दिवा लावला म्हणजे रात्री दिवसाच्या वेगाने जाता येते, असे त्यांना वाटते. हिशेब मांडून पाहावा. लहान मोटारसायकलींच्या हॅलोजन हेडलाइटमध्ये 35 वॉटचा बल्ब असतो; त्याच्या डिपरचा कामाचा उजेड साधारण तीस-चाळीस मीटर. ताशी 60 वर अडथळा दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत दीड सेकंद धरले तर 25 मीटर जातात आणि कोरड्या रस्त्यावर नीट ब्रेक लागला तरी थांबायला आणखी 28 मीटर. एकूण 53. ताशी 50 वर हाच हिशेब 40 मीटरच्या आसपास येतो. म्हणजे दूरच्या अंधाराला उत्तर वेग कमी करण्याचे आहे. ते काम दिव्याकडून करून घ्यायला गेलात की स्पॉटलाइट आला आणि नियम 111 मोडला.

मग दिवे हवेत तरी कशाला? बाजूसाठी. गाडीच्या मूळ दिव्याचा झोत अरुंद असतो. डांबराची कड तुटून झालेली खाच, कडेने चालणारी माणसे, शेताच्या वाटेवरून एकाएकी रस्त्यावर येणारी गुरे त्या झोतात उशिरा येतात. खाली बसवलेला, रुंद पसरणारा आणि वरची कड चाकूने कापल्यासारखी सरळ असलेला फॉग लॅम्प नेमकी हीच जागा उजळतो. कुशालनगरच्या पुढे घाटात तर त्याचा उपयोग आणखी वाढतो. पावसाळी धुक्यात उंचावरच्या दिव्याचा उजेड पांढऱ्या पडद्यावर आपटून आपल्याच डोळ्यांत परततो. खालचा, वर न जाणारा झोत त्या पडद्याखालून रस्त्यावर पोचतो.

इथे पिवळ्या रंगाविषयीचा गैरसमजही दूर व्हावा. पिवळा उजेड धुके भेदतो असे दुकानदार सांगतात. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीच्या अनेक पट मोठे असतात, त्यामुळे सगळे रंग ते जवळजवळ सारखेच विखुरतात. फ्रान्सने मोटारींना पिवळ्या हेडलाइटची सक्ती अनेक दशके चालवली आणि 1993 मध्ये सोडली. पिवळा डोळ्यांना सौम्य वाटत असेल तर जरूर घ्यावा, पण धुक्यात कामाला येते ती दिव्याची कमी उंची आणि झोताची कड.

राहिला सर्वांत जुना आक्षेप: हे वायरिंगवाल्याचे काम आहे, घरी करू नये, शॉर्ट होऊन गाडी पेटेल. भीती निराधार नाही. हेडलाइटची वायर सोलून तिच्यावर पीळ मारायचा, वर चिकटपट्टी गुंडाळायची आणि फ्यूजविना सगळे चालू करायचे, असे काम झाले तर गाडी पेटू शकते. पण असे काम गॅरेजातही होते, कारण तिथे वेळ कमी आणि गाड्या जास्त असतात. दोष जागेचा नाही, पद्धतीचा आहे, आणि पद्धत कुणालाही शिकता येते. आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवायची; उलट केले तर पॉझिटिव्ह सोडवताना पाना चासीला टेकून ठिणगी उडते. मग रिले, म्हणजे दिव्यांचा भार स्वतः पेलणारा विजेवर चालणारा स्विच, बसवायचा. त्याच्या पायांवर आकडे कोरलेले असतात. 30 ला बॅटरीची पॉझिटिव्ह, तीही बॅटरीजवळच फ्यूज घालून. 87 वरून दिव्यांकडे. 85 अर्थिंगला. 86 ला किल्ली फिरवल्यावरच करंट येणारी वायर, मध्ये हँडलवरचा स्विच. दोन्ही दिवे मिळून 40 वॉटचे असतील तर साडेतीन ॲम्पियरच्या आत काम होते आणि 5 ॲम्पियरचा फ्यूज पुरतो. जुने 55 वॉटचे दोन हॅलोजन लावले तर नऊ ॲम्पियरच्या वर जाते. लहान गाडीच्या चार्जिंगला तो भार झेपत नाही, म्हणून ते नकोतच. रिले असला की दिव्याचा भार नाजूक स्विचवर येत नाही आणि किल्ली काढताच दिवे विझतात, बॅटरी रात्रभर उतरत नाही. मूळ वायर कुठेही कापू नये; कपलर मिळतात, ते वापरावेत. वायर इंजिनपासून लांब न्यावी. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवून वायर ताणत नाही ना, हे पाहावे.

आणि हे सगळे घरीच का, तर दिवा नीट लावायला अंधार लागतो. गॅरेजात दिवा दिवसा बसतो, दिवसाच पेटवून पाहिला जातो आणि लागला म्हणून गाडी हवाली होते. झोत कुठे पडतो हे तिथे कुणालाच दिसत नाही. घरापुढे सपाट जागा, समोर भिंत आणि संध्याकाळची वेळ असली की पुरते. दिवा भिंतीपासून 8 मीटरवर येईल अशी गाडी उभी करा. स्टँडवर नको, नेहमी जो बसतो तो सीटवर बसलेला असावा, कारण वजनाने मागचा शॉक दबतो आणि पुढचा झोत वर उचलला जातो. दिव्याचा मध्य जमिनीपासून 60 सेंटिमीटरवर असेल तर भिंतीवर झोताची वरची कड 48 सेंटिमीटरवर आणा. आठ मीटरमध्ये 12 सेंटिमीटर उतार, म्हणजे ती कड 40 मीटरवर जमिनीला लागते. थांबण्याच्या हिशेबात आला होता तोच आकडा. मागे माणूस बसवून, सामान बांधून पुन्हा पाहा आणि झोत आणखी खाली घ्यायला मागेपुढे पाहू नका. लेगगार्डवरचा क्लॅम्प हादऱ्यांनी सैल होतो, तेव्हा लांबच्या प्रवासाआधी ही तपासणी पुन्हा करावी. ज्याने स्वतः दिवा बसवला त्याला हे सगळे ठाऊक असते. रात्री आडरस्त्यात दिवा विझला तर फ्यूज कुठे आहे हेही त्याला ठाऊक असते.

मैसूर ते कुशालनगर 92 किलोमीटरचा नवा चौपदरी रस्ता होणार, मग याची गरज काय, असेही कुणी म्हणेल. 12 मार्च 2023 रोजी मंड्यात त्याची पायाभरणी झाली. पण बेंगळुरू-मैसूर महामार्गाच्या मुख्य मार्गिकांवर 1 ऑगस्ट 2023 पासून दुचाकींना बंदी आहे. नव्या रस्त्यावरही तीच वागणूक मिळाली तर मोटारसायकलवाल्याच्या वाट्याला पिरियापट्टणमधून जाणारा जुना रस्ताच राहील, त्याच ट्रॅक्टरांसह, त्याच अंधारासह.

म्हणून दोन विनंत्या. पोलीस आणि परिवहन अधिकाऱ्यांनी तपासणीच्या वेळी दिवे मोजू नयेत. नियम 106 प्रमाणे 8 मीटरवर उभे राहून झोत पाहावा आणि दिपवणाऱ्या प्रत्येकाला, मग तो ट्रकवाला असो, मोटारवाला असो की माझ्यासारखा दुचाकीस्वार, दंड करावा. आणि वाचकहो, तुमच्या गाडीला दिवे असतील तर आज अंधार पडल्यावर घरातल्या कुणाला सीटवर बसवून दिवे लावायला सांगा आणि स्वतः 8 मीटर पुढे, थोडे उजवीकडे, रस्त्यावरच्या माणसासारखे उभे राहा. डोळे मिटावेसे वाटले तर पाना हातात घ्या आणि दिवा खाली करा.