धाकट्याच्या पावलांची मुंबई

काय दोस्तांनो, शनिवारला जोडून सुट्टी आली की घरात सहलीचा विषय निघतोच ना? बाबा म्हणतात, "चला, दोन दिवस मुंबईला जाऊन येऊ." की तुम्ही लगेच वही-पेन घेऊन बसता. गेट वे ऑफ इंडिया, राणीची बाग, तारांगण, म्हातारीचा बूट, घारापुरीची लेणी, चौपाटी... पान भरतं, पण यादी काही संपत नाही. आणि या यादीत एक गोष्ट लिहायची हमखास राहून जाते. तुमच्याबरोबर चार वर्षांचा धाकटा भाऊ किंवा बहीणही येणार आहे!

सुट्टीनंतर मी वर्गात विचारते, "कुठं कुठं गेला होतात?" एकदा चौथीतल्या एका मुलीनं एका दमात आठ ठिकाणं सांगितली. मी म्हटलं, "वा! मग काय काय पाहिलंस?" ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "बाई, मी छोट्याला धरून बाकावर बसले होते. तो सारखा रडत होता." आठ ठिकाणं झाली, पण दोघांनाही एकसुद्धा धड दिसलं नाही. दोष कुणाचा? धाकट्याचा मुळीच नाही. त्याची पावलं लहान, पोट लहान आणि दुपारची झोप मोठी! सहल त्याच्या मापाची नव्हती, एवढंच.

मग माप कसं घ्यायचं? एक सोपा प्रयोग करा. धाकट्याला घेऊन आई-बाबांबरोबर घरापासून शाळेपर्यंत रमतगमत चाला. घड्याळ बघा. कितव्या मिनिटाला तो "कडेवर घे" म्हणतो? तो आकडा वहीत लिहा. हीच तुमच्या सहलीची मोजपट्टी. आता नियम ठरवा. दिवसाला ठिकाणं दोनच. मधली दुपार खाण्याची आणि झोपेची.

आता ही मोजपट्टी मुंबईला लावून बघू या.

शनिवारी सकाळी राणीची बाग. ही बाग १८६२ साली लोकांसाठी उघडली. तिचं आजचं पूर्ण नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान. एरवी ती बुधवारी बंद असते, आणि रविवारी तिथं फार गर्दी होते. म्हणून शनिवार बरा. बाग भायखळा स्टेशनपासून जवळ आहे. दादरहून धीम्या लोकलनं निघालात तर परळ, करी रोड, चिंचपोकळी आणि भायखळा. चौथं स्टेशन! धाकट्याला बोटांवर मोजायला सांगा, रडायला वेळच मिळणार नाही. मात्र सकाळच्या ऑफिसच्या वेळी त्या दिशेच्या लोकलमध्ये खूप रेटारेटी असते. लहान मूल कडेवर घेऊन त्यात शिरू नये. त्यापेक्षा टॅक्सी करावी.

बागेत हम्बोल्ट पेंग्विन आहेत. २०१७ पासून लोकांना ते बघता येतात. पेंग्विन म्हटलं की आपल्याला बर्फच आठवतो, हो ना? पण हे पेंग्विन पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावरचे. तिथं बर्फ नसतो, समुद्राचा प्रवाह मात्र थंड असतो. ही गंमत धाकट्याला तुम्हीच सांगा.

"पण बाई, घारापुरीचं काय?" घारापुरीला जायला गेट वेपासून सुमारे तासभर लाँचनं जावं लागतं आणि वर लेण्यांपर्यंत शंभरावर पायऱ्या चढाव्या लागतात. मोजपट्टी आठवा! ती लेणी तुम्ही दोघं मोठे झाल्यावर नीट बघा. तोवर घारापुरीचा हत्ती तुम्हाला राणीच्या बागेजवळच भेटेल. खरंच! या बेटावर दगडात कोरलेला एक मोठा हत्ती होता. त्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिलं. १८६४ साली तो हत्ती इंग्लंडला न्यायचा बेत झाला, पण उचलताना तो तुटला. त्याचे तुकडे मुंबईत आणून पुढे जोडले. आज तो बागेशेजारच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. बघा, एक ठिकाण यादीतून कमी केलं तरी त्याची गोष्ट हाती राहिली.

दुपारी मुक्कामाच्या ठिकाणी जेवण आणि झोप. संध्याकाळी गिरगाव चौपाटी. चौपाटीचं स्टेशन चर्नी रोड, पण ते पश्चिम रेल्वेवर आहे आणि भायखळा मध्य रेल्वेवर. मुक्काम भायखळ्याच्या बाजूला असेल तर लोकल बदलत बसू नका. पाण्यात उतरायचं नाही. वाळूचा किल्ला करायचा आणि सूर्य बुडताना बघायचा. धाकट्याला घरी आल्यावर बहुधा हीच वाळू आठवेल!

रविवारी लवकर उठून गेट वे ऑफ इंडिया. १९२४ साली ही कमान पूर्ण झाली. आणि २८ फेब्रुवारी १९४८ ला इंग्रज सैन्याची शेवटची तुकडी याच कमानीतून बाहेर पडली. सकाळी तिथं कबुतरं जास्त आणि माणसं कमी असतात. मग जवळच छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथं धाकट्यासाठी पशु-पक्ष्यांचं दालन एवढंच पुरे.

आणि तुमचं काय? तुम्हाला तलवारी, नाणी, जुनी चित्रं बघायची असतील की! म्हणून आखणीत 'ताईचा तास' किंवा 'दादाचा तास' असं ठळक लिहून ठेवा. त्या वेळात आई-बाबांपैकी एकानं धाकट्याला घेऊन बाहेर झाडाखाली बसायचं आणि दुसऱ्यानं तुमच्याबरोबर आत यायचं. सारखं "तू मोठी ना, समजून घे" ऐकलं की कुणालाही राग येतो. तो मनात धरून ठेवू नका, निघण्याआधीच सांगा.

परतताना छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवर जरा आधी पोहोचा. या इमारतीवर दगडात कोरलेले प्राणी आहेत. फाटकाच्या खांबांवर सिंह आणि वाघ बसलेत. कोण जास्त प्राणी शोधतं, ते बघा.

एक लक्षात ठेवा. रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असू शकतो. तो कुठल्या मार्गावर आहे, हे आदल्या दिवशीच पेपरात किंवा फोनवर बघण्याचं काम तुम्ही घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गर्दीत हात सुटला तर? एका चिठ्ठीवर आई-बाबांचा फोन नंबर लिहून ती धाकट्याच्या खिशात पिनेनं अडकवा. "हरवलास तर पळायचं नाही. आहेस तिथंच उभं राहायचं आणि आईला मोठ्यानं हाक मारायची," हा खेळ घरीच चार वेळा खेळा. प्रत्येक ठिकाणी पोहोचताच भेटायची एक जागा तुम्ही मोठ्यांनी ठरवा. पोलीस कुठं उभे आहेत, तेही बघून ठेवा. आणि १०९८ हा मुलांच्या मदतीचा नंबर तुम्ही स्वतः पाठ करा. गर्दीत धाकट्याचा हात कुणी धरायचा, हे मात्र आई-बाबांनी ठरवायचं. ती जबाबदारी एकट्या ताईची किंवा दादाची नाही.

पालकांसाठी दोन शब्द : रेल्वेत ५ वर्षांखालच्या मुलाला तिकीट लागत नाही, पण स्वतंत्र जागाही मिळत नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलाला आरक्षणात स्वतःची जागा हवी असेल तर २०१६ पासून पूर्ण भाडं पडतं. खर्चाच्या हिशेबात ते धरा. "एवढे पैसे घालवून आलोय, तर सगळं बघूनच जाऊ" हा विचार मात्र हिशेबातून वगळा. सहल वसूल करायला निघालं की पहिलं रडू धाकट्याचं आणि पहिला धपाटाही त्यालाच!

या आठवड्याचं काम : वहीत फक्त चार ओळी आखा. शनिवार सकाळ, शनिवार संध्याकाळ, रविवार सकाळ, रविवार दुपार. प्रत्येक ओळीत एकच नाव. पाचवं नाव लिहावंसं वाटलं तर आधीचं एक खोडा. खोडलेली नावं शेवटच्या पानावर जपून ठेवा. मुंबई कुठं पळून जात नाही, आणि धाकट्याची पावलं दर वर्षी मोठी होतातच!