शांतारामची मराठी आणि आपली

आबिड्सच्या पदपथांवर दर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तेथील इंग्रजी कादंबऱ्यांच्या ढिगात कधी कधी एक जाडजूड ग्रंथ दिसतो. नाव अस्सल मराठी, ‘शांताराम’. लेखक मात्र ऑस्ट्रेलियन, ग्रेगरी डेव्हिड रॉबर्ट्स.

१९५२ साली मेलबर्नला जन्मलेला हा गृहस्थ हेरॉइनच्या व्यसनापायी दरोडेखोर झाला. १९८० साली तो पेंट्रिजच्या तुरुंगातून पळाला आणि पुढे मुंबईत राहिला. १९९० साली फ्रँकफर्टला पकडला गेल्यावर त्याला उरलेली शिक्षा भोगावी लागली. तुरुंगात लिहायला घेतलेली त्याची कादंबरी २००३ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक प्रभाकर नावाच्या वाटाड्याबरोबर त्याच्या खेड्यात जातो, तेथे मराठी शिकतो. प्रभाकरची आईच त्याला ‘शांताराम’ हे नाव देते. पुढे तो झोपडपट्टीत राहतो. हे आत्मचरित्र नसून कादंबरी आहे, असे लेखकानेच सांगितले आहे. तेव्हा त्यातील प्रत्येक प्रसंग खरा मानण्याचे कारण नाही.

कोणी म्हणेल, दरोडेखोराचे कौतुक कशाला? प्रश्न रास्त आहे. ज्यांना त्याने लुटले त्यांचे नुकसान चांगल्या पुस्तकाने भरून निघत नाही. परंतु ‘साहेब मराठी शिकला’ म्हणून फुशारणारे लोकही मला पटत नाहीत. शिकला तो, त्यात आपली कमाई कोणती?

खरी गोष्ट वेगळीच आहे. खेड्यात शेजाऱ्याशी बोलल्यावाचून नायकाचे चालणार नव्हते, म्हणून त्याला भाषा आली. माझ्या घरी कानडी बोलतात, शाळा मात्र मराठी माध्यमाची. पाढे मराठीत पाठ झाले, आजीच्या गोष्टी कानडीत ऐकल्या, आणि आता जमाखर्च इंग्रजीत मांडतो. म्हणून भाषा रक्तातून येते, यावर माझा विश्वास नाही. ती वापरणाऱ्याची होते. न वापरणाऱ्याच्या खात्यावरून ती हळूहळू उतरते. आबिड्सला भेटलेले दोन मराठी विद्यार्थी एकमेकांशी इंग्रजीत बोलू लागतात, तेव्हा नुकसान कोणाचे?

आपल्या या वार्षिकांकात मराठी आणि कानडी विभाग शेजारी-शेजारी छापले जातात. वर्गातही आपण एकाच बाकावर बसतो. तरी दुसऱ्या विभागाचे पान उलटून पाहणारे किती? परक्या देशातून पळून आलेल्या माणसाला जे जमले, ते एका बाकावरच्या मित्रांना जमू नये काय?