‘थांबा’ कोण म्हणणार?

देवळालीच्या स्कूल ऑफ आर्टिलरीतील सरावाचे बार नाशिककरांच्या अंगवळणी पडले आहेत. तोफेवरच्या जवानाला बहुधा लक्ष्य दिसतच नाही. ते दिसते पुढे टेकडीवर दुर्बीण लावून बसलेल्या निरीक्षक अधिकाऱ्याला. गोळा कुठे पडला, मारा किती सरकवायचा, हे तोच रेडिओवरून कळवतो. समोर रुग्णवाहिका दिसली तर मारा थांबवायचे सांगणेही त्याच्याच हाती. सैनिक आणि नागरिक यांत भेद करा, हा युद्धविषयक कायद्याचा गाभा रणांगणावर अशा माणसाच्या नजरेवर टिकून असतो. आता ती नजर ड्रोनच्या कॅमेऱ्याकडे चालली आहे; उद्या लक्ष्य निवडणेही यंत्राकडे जाईल. मग चुकीच्या घरावर गोळा पडला तर आरोपी कोण?

लक्ष्य स्वतः निवडणाऱ्या शस्त्रांच्या या प्रश्नावर डिसेंबर २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत ठराव आला. बाजूने १५२ देश, विरोधात चार: रशिया, बेलारूस, माली आणि भारत! चर्चा पारंपरिक शस्त्रांविषयीच्या कराराच्या बैठकांतच व्हावी, हे दिल्लीचे म्हणणे. लष्करी महासत्ता तिथे बसतात, त्यामुळे ते अगदीच पोकळ नाही. पण सर्वसहमतीशिवाय तिथे पान हलत नाही, हेही दिल्लीला ठाऊक आहे.

घरचा कायदाही कुलूपबंदच आहे. युद्धातील वर्तनाचे नियम घालणाऱ्या जिनिव्हा करारांसाठी आपण १९६० मध्ये कायदा केला. त्याच्या १७ व्या कलमानुसार सरकारने तक्रार केली तरच न्यायालय गुन्ह्याची दखल घेते. या कायद्यातून व्यक्तीला थेट हक्क मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये गोव्यातील एका धर्मगुरूच्या खटल्यात सांगितले. म्हणजे पीडिताने सरकारच्या तोंडाकडे पाहायचे. कारगिलमध्ये कॅप्टन सौरभ कालिया आणि पाच जवानांचे छिन्नविच्छिन्न मृतदेह पाकिस्तानकडून परत आले, तेव्हा देशाने याच करारांचा दाखला दिला होता. तरीही कालियांच्या वडिलांना २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले. शेजाऱ्याकडे बोट दाखवताना आपलाही कायदा धारदार हवा.

ओझरला लढाऊ विमाने बनतात, नाशिकरोडला लष्कराचे वैमानिक घडतात. त्या नाशिकच्या खासदारांनी तरी १७ व्या कलमातील सरकारची मक्तेदारी हटवण्याची मागणी संसदेत करावी आणि यंत्राने केलेल्या माऱ्याची जबाबदारी कोणत्या हुद्द्यावर निश्चित होणार, हे संरक्षणमंत्र्यांना विचारावे.