मुदत संपलेल्या नावाची किंमत

व्यापारात नाव ही मालमत्ता असते. गाळा भाड्याचा असेल, माल उधारीचा असेल. पण दोन-तीन पिढ्यांनी राखलेले पेढीचे नाव आपलेच, अशी व्यापारी घराण्यांची धारणा असते. इंटरनेटवरील नावाला मात्र हा नियम लागू पडत नाही. तेथील नाव, म्हणजे डोमेन, कायमचे विकत मिळत नाही. ते एक ते दहा वर्षांच्या मुदतीने वापरावयास मिळते. बँकेच्या लॉकरप्रमाणे त्याचे भाडे भरत राहावे लागते. फरक इतकाच, की लॉकरचे भाडे थकले म्हणून बँक आतील ऐवज दुसऱ्या ग्राहकाच्या हाती ठेवत नाही. येथे नेमके तेच घडू शकते.

‘डॉट कॉम’ नावाचे वार्षिक शुल्क साधारणतः हजार-दीड हजार रुपये असते. रक्कम किरकोळ, म्हणून ती विस्मरणात जाते. मुदत टळली की बहुधा काही दिवसांतच संकेतस्थळ आणि त्या नावावरील ई-मेल बंद पडतात. पहिली पायरी सवलतीच्या काळाची. ‘डॉट कॉम’साठी तो जास्तीत जास्त ४५ दिवसांचा असतो, प्रत्यक्षात त्यातील किती दिवस ग्राहकाला द्यावयाचे, हे रजिस्ट्रार कंपनी ठरवते. या काळात नेहमीच्या शुल्कात, फार तर थोड्या विलंब आकारासह, नाव परत मिळते. परंतु काही कंपन्या याच अवधीत ते नाव लिलावात मांडतात. म्हणून ४५ दिवस हाताशी आहेत, असे धरून चालणे धोक्याचे.

नाव रद्द झाले की दुसरी पायरी सुरू होते, ती ३० दिवसांच्या ‘रिडेम्प्शन’ काळाची. गहाण वस्तू सोडवण्यासारखाच हा प्रकार आहे. ‘डॉट कॉम’ची मूळ नोंदवही सांभाळणारी व्हेरिसाइन ही संस्था नाव पूर्ववत करण्यासाठी रजिस्ट्रारकडून ४० डॉलर घेते. रजिस्ट्रार त्यात आपला आकार मिळवतो. ग्राहकाच्या हाती पडणारे बिल साधारणपणे सात-आठ हजारांपासून पंधरा हजारांच्या घरात जाते. नूतनीकरणाचे शुल्क आणि जीएसटी बहुधा निराळे. तिसरी पायरी पाच दिवसांची. त्यात काहीच करता येत नाही. त्यानंतर नाव सर्वांना खुले होते आणि अशा नावांवर टपून बसलेल्या कंपन्यांची यंत्रे ते क्षणार्धात टिपतात. मग किंमत तीच, जी नवा धारक सांगेल.

इथपर्यंतचा खर्च खतावणीत मांडता येतो. खरा धोका त्यापुढे आहे. समजा, एका पेढीचे नाव परक्याच्या हाती गेले. त्या नावावर येणारी प्रत्येक ई-मेल आता तो वाचू शकतो. जुन्या ग्राहकांच्या ऑर्डरी, पुरवठादारांची बिले, पासवर्ड बदलण्याचे दुवे, सारे त्याच्याकडे पोहोचते. ‘आमचे बँक खाते बदलले आहे, रक्कम नव्या खात्यात भरावी,’ असे पत्र त्याने जुन्याच पत्त्यावरून पाठवले, तर ग्राहकाने संशय का घ्यावा? वर्षानुवर्षे जोडलेली पतच येथे फसवणुकीचे साधन बनते.

ही चूक लहान व्यापाऱ्यांकडूनच होते असे नाही. १९९९च्या नाताळात मायक्रोसॉफ्टने एका डोमेनचे अवघे ३५ डॉलर भरावयाचे राहून गेले आणि अनेकांना हॉटमेल उघडता येईना. अखेर एका त्रयस्थ प्रोग्रामरने स्वतःच्या कार्डावरून ती रक्कम भरली. २०१६ साली कर्णबधिरांना दूरध्वनी सेवा पुरवणाऱ्या अमेरिकेतील सोरेन्सन कंपनीच्या डोमेनची मुदत टळली. सेवा सुमारे तीन दिवस विस्कळीत झाली. तातडीच्या मदतीसाठी ९११ला फोन करणेही ग्राहकांना अशक्य झाले. पुढील वर्षी सरकारी आयोगाशी तडजोड करताना कंपनीला सुमारे ३० लाख डॉलर मोजावे लागले.

कायद्याचा आधार नाही असे नाही. सत्यम इन्फोवे विरुद्ध सिफीनेट सोल्युशन्स या खटल्यात २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने डोमेन नावाला व्यापारचिन्हासारखे संरक्षण मान्य केले. ‘डॉट कॉम’च्या वादासाठी जिनिव्हाच्या वायपो संस्थेकडे जाता येते, पण तेथे एका पंचाचे किमान शुल्कच १,५०० डॉलर आहे. शिवाय समोरच्याचा हेतू वाईट होता हे सिद्ध करावे लागते. आडनावाचे किंवा सर्वसामान्य शब्दाचे नाव असेल तर ते कठीण जाते.

नियमानुसार रजिस्ट्रारने मुदतीपूर्वी सुमारे एक महिना आणि एक आठवडा आधी, तसेच मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत सूचना पाठवावयाची असते. तरीही नावे जातात. कारण सूचना भलत्याच माणसाकडे पोहोचते. नोंदणी संकेतस्थळ बनवणाऱ्याच्या नाहीतर नोकरी सोडून गेलेल्या कारकुनाच्या खात्यात असते. भावांच्या वाटण्या होतात, गोदामांची यादी होते, डोमेनचा उल्लेख कोणी करीत नाही. कार्डावरून आपोआप पैसे जातील हा भरवसाही अपुरा आहे. १ ऑक्टोबर २०२१पासून कार्डावरील आवर्ती देयकांसाठी ग्राहकाची आधी नोंदवलेली अनुमती लागते. ती नसेल, तर व्यवहार नाकारला जातो.

उपाय सोपे आहेत. नोंदणी पेढीच्या नावे असावी आणि तिचा पासवर्ड मालकाकडे असावा. सूचनांसाठी दिलेला ई-मेल त्याच डोमेनवरचा नसावा, अन्यथा नाव बंद पडताच सूचनाही बंद पडतात. शुल्क एकदम पाच-दहा वर्षांचे भरावे. नाव नकोसे झाले, तरी त्यावरील ई-मेलचे व्यवहार अन्यत्र हलवून काही वर्षे ते राखावे.

लक्ष्मीपूजनाला नवी वही उघडताना विमा, परवाने आणि भाडेकरार यांच्या तारखा पाहण्याची पद्धत अनेक पेढ्यांत आहे. त्या यादीत यंदा आणखी एक ओळ लिहावी: डोमेनची मुदत, नोंदणी कोणाच्या नावे, पासवर्ड कोणाकडे. हजार रुपयांच्या या ओळीवर पेढीची पत अवलंबून असू शकते.