सातचा भोंगा

झाशीच्या माझ्या आतेभावाला मी दादा म्हणतो आणि त्यांचं सगळं निमूट ऐकून घेतो, हे या सदराच्या वाचकांना ठाऊक आहे. नोकरीची सगळी वर्षं बिजौलीच्या औद्योगिक वसाहतीत काढलेला माणूस, शिस्तीचा. या आठवड्यात त्यांनी कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर नातीचा फोटो टाकला. गळ्यात शाळेचं ओळखपत्र, त्यावर नाव, इयत्ता, जन्मतारीख, बसचा थांबा, सगळं ठळक. खाली कौतुकाचे अंगठे. तासाभरात दादांचाच पुढचा संदेश आला: ‘मुलांना इंटरनेटपासून जपा. दहा जणांना पाठवा.’

रात्री नातीचा फोन. “पुण्याचे आजोबा, तुम्हीच सांगा ना त्यांना. मी म्हटलं की म्हणतात, घरचीच तर माणसं आहेत.”

घरची! कुणाच्या तरी मुंजीच्या वेळी गटात घेतलेला आचारी अजून तिथेच आहे. दर दिवाळीला अनारशांचे दर पाठवतो. मी दादांना फोन लावला. “अरे, मी तर तिला मोबाइलला हातसुद्धा लावू देत नाही,” म्हणाले. पोरीला 1098 आणि 1930 दोन्ही क्रमांक पाठ आहेत, पहिला मुलांच्या मदतीचा, दुसरा सायबर फसवणुकीचा. दादांना ते गाड्यांचे नंबर वाटले. जंक्शनच्या गावात हयात गेली की असं होतं.

कायदा आहे. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलाची माहिती घ्यायची तर कंपनीला पालकांची पडताळलेली संमती लागेल. मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायच्या नाहीत. दंड 200 कोटींपर्यंत. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले, संमतीच्या भागाला पुढे दीड वर्षाची सवड. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर 2025 पासून सोळाच्या आतल्यांना समाजमाध्यमांवर खातंच नाकारलं. आपल्या कायद्यातून घरगुती वापर मात्र वगळलेला आहे. म्हणजे दादा सुटले.

आणि ही पडताळलेली संमती देणार कोण? पडताळणी डिजिलॉकरवरून करता येईल म्हणे, पण दादांचं डिजिलॉकर नातीनेच उघडून दिलं. ओटीपी त्यांच्या फोनवर येतो, वाचते ती. कारण चष्मा सापडत नाही. आमच्या वेळी प्रगतिपुस्तकावर वडिलांची सही ठोकणाऱ्या पोरांना निदान महिनाभर वहीच्या मागच्या पानावर सराव करावा लागे. एकाचं अक्षर त्या सरावाने सुधारलं, पुढे तो तलाठी झाला. ओटीपीने कुणाचं अक्षर सुधारणार?

मला सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचा उपाय आवडतो. 2022 पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि साडेआठपर्यंत टीव्ही, मोबाइल बंद. पोरं अभ्यासाला बसतात. त्याच वर्षी यवतमाळच्या बांशी गावाने अठराच्या आतल्यांना मोबाइलबंदी ठरवली. बातमी तिचीही गाजली, पण वडगावच्या भोंग्यात गंमत अशी की तो वय विचारत नाही. आजोबांचा फोनही गप्प.

हे मी आमच्या सोसायटीच्या बैठकीत सांगितलं. एरवी पार्किंगवरून एकमेकांचं तोंड न बघणारी माणसं एकदम एकमताने ‘वा, वा’ म्हणाली. भोंग्यासाठी वर्गणी काढायची तयारी झाली. मग सेक्रेटरींनी वेळ ठरवायला गटावर मतदान लावलं. सात ते साडेआठला एक मत पडलं, माझं. सातला मालिका असतात, साडेसातला बातम्या, आठला पुतण्याचा अमेरिकेहून व्हिडिओ कॉल. दुपारी दोन ते साडेतीन ही वेळ भरघोस मतांनी निवडून आली. तेव्हा मुलं शाळेत असतात.