रामशास्त्री आणि एक अक्षर

मागील सत्रांत नववीच्या वर्गांत एका चिनी चित्रपटाची गोष्ट निघाली. चेन कैगे यांनीं १९९८ सालीं काढलेला हा चित्रपट. प्राचीन चीनमधील छिन राजा, दरबारांतील कारस्थानें आणि राजावर धाडलेला मारेकरी असा त्याचा विषय. गोष्ट संपतांच एका विद्यार्थ्यानें विचारलें, "सर, आपल्याकडे असले प्रकार झाले नसतील ना?" काय सांगावें! आपल्या खापरखेड्याहून जेथें माणसें रोज कामास जातात, त्या नागपुरांतच १८१७ च्या फेब्रुवारींत पंगु परसोजी भोसल्यांचा खून झाला आणि चुलतभाऊ आप्पासाहेब गादीवर बसले. त्यांस दरबारांत जाब विचारणारा कोणी उभा राहिला, असें माझ्या वाचनांत नाहीं.

पुण्यांत मात्र तसा पुरुष निघाला. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं अवघ्या अठरा वर्षांचे नारायणराव पेशवे शनिवारवाड्यांत गारद्यांच्या हातून मारले गेले, आणि सत्ता त्यांचे चुलते रघुनाथराव यांच्या हातीं आली. त्या सत्ताधीशासमोर उभें राहून न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं त्यांस दोषी ठरविलें, देहांत प्रायश्चित्त सांगितलें आणि अधिकारपद सोडून ते चालते झाले, हें सर्वश्रुत आहे. प्रभात फिल्म कंपनीनें १९४४ सालीं काढलेला 'रामशास्त्री' हा चित्रपट याच पुरुषावर आहे. ती भूमिका गजानन जागीरदारांनीं केली. राजवाड्यांतील कटाची कथा सांगतांना मारेकऱ्यास अगर राजास नायक न करितां एका पगारी न्यायाधीशास नायक करावें, यांतच त्या मंडळींचें मोठेपण मला दिसतें.

असें असूनही, नारायणरावांस कोणीं मारिलें असें वर्गांत विचारावें, तर मुलें एकमुखानें "आनंदीबाईनें" म्हणून ओरडतात! 'धरावें' या शब्दांतील 'ध' चा 'मा' त्यांनीं केला, ही कथा इतिहासकार बहुधा दंतकथाच मानतात. बरें, ती क्षणभर खरी धरली, तरी पुतण्यास धरण्याचा हुकूम मुळांत कोणाचा? शास्त्रीबुवांनीं दोष ठेविला तो रघुनाथरावांवर. आम्हीं मात्र अडीचशें वर्षें तो एका बाईच्या लेखणीवर ढकलीत आलों आहों. एखाद्या मुलीकडून वर्गांत कांहीं बिघडलें कीं मुलें तिला लगेच 'ध चा मा' म्हणून चिडवितात. मुलाकडून बिघडलें तर त्यास कोणी 'राघोबा' म्हटल्याचें मीं आजवर ऐकिलेलें नाहीं. घरींही हेंच चालत असावें, नाहीं तर मुलें शिकलीं कोठून?

पुढील सत्रांत हा जुना चित्रपट शाळेंत दाखवावा, असें मीं सुचविलें आहे. पालकांनींही मुलांसमवेत अवश्य यावें. दुसऱ्या दिवशीं मी वर्गांत तोच प्रश्न पुन्हा विचारणार आहें.